आज सप्टेंबरातला विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र जवळपास सारखे असण्याचा दिवस!

सकाळपासून सोसायटीच्या गच्चीवर मुलांसोबत एक मीटरची काठी उभी करून बसलो होतो. दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकावर खडूने खूण. मध्ये ढग आले, तेवढ्या खुणा राहिल्या. पण संध्याकाळी दोरी ताणली तर सगळे ठिपके पश्चिम-पूर्व सरळ रेषेत! इतर दिवशी ही रेषा वाकते. आज सूर्य नेमका विषुववृत्तावर, म्हणून सरळ. मुलं ओरडलीच, आणि मीही.

पुण्यात माध्यान्ह १२:२७ च्या सुमारास झाली, सावली ३३ सेंटीमीटर. डिसेंबरात हीच ९० च्या आसपास जाईल.

दिवस-रात्र आज अगदी समान असतात असं आपण शाळेत शिकतो. खरं तर वातावरण प्रकाश वाकवतं, शिवाय सूर्याची वरची कडा दिसली की आपण सूर्योदय धरतो. त्यामुळे दिवस अजून काही मिनिटं मोठाच आहे. खरी बरोबरी आठवडाभराने. आता रोज मिनिटभर दिवस लहान होत जाणार.

तरी ऑक्टोबर हीट आहेच, कारण पाऊस परतला की आभाळ मोकळं आणि जमीन ओली. २० मार्चच्या आसपास पुन्हा काठी लावणार आहोत. कोण कोण येतंय?