सड्यावरचा सरडा

साताऱ्यातला बोगदा ओलांडला की हवा बदलते, असं आई नेहमी म्हणायची. मे महिन्यातल्या त्या पहाटे मोटरसायकल बोगद्याच्या बाहेर काढली आणि गार झुळकेनं हातावर काटा उभा राहिला. मागे भाची बसलेली, तिच्या पाठीवर कॅमेऱ्याची जड बॅग, आणि टाकीवर बांधलेली आमची भाकरी-ठेच्याची शिदोरी. सज्जनगड धुरकट उजेडात नुसता बाहेरच्या रेघेपुरता दिसत होता. खाली उरमोडी धरणाचं पाणी बरंच मागे सरकलेलं.

या दिवसांत ठोसेघरच्या रस्त्याला कुणी नसतं. धबधब्याच्या कड्यावर काळ्या ओल्या खुणांपलीकडे काही नाही. सप्टेंबरात कासला फुलं बघायला गाड्यांची रीघ लागते, पोलीस उभे करावे लागतात. मे महिन्यात या पठारांवर काय बघायचं, असं मलाही पुण्यात दोघा-तिघांनी विचारलं. सरडा बघायला चाललोय म्हटल्यावर त्यांनी विषयच बदलला.

माझ्या आत्याचं घर ठोसेघरच्या पुढे होतं. उन्हाळ्याची सुट्टी तिथेच जायची. करवंदं खाऊन ओठ काळे करायचे आणि दुपारभर सड्यावर हुंदडायचं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड जवळजवळ नाहीच, वाळकं गवत, आणि तापून काळे पडलेले दगड. त्या दगडांवर बसलेले सरडे अचानक गळा फुगवून निळे-केशरी होत, ते आम्ही रोज बघत होतो. आम्ही पोरं त्यांना दगड मारायचो. हे लिहिताना आज फार वाईट वाटतं. त्या सरड्याला तेव्हा जगाच्या पुस्तकात स्वतःचं नाव नव्हतं, हे मला कळलं २०१६ मध्ये, भाचीने फोनवर सांगितलं तेव्हा. "मामा, तुझ्या चाळकेवाडीच्या सरड्याला नाव मिळालं!" तेव्हापासून तिच्याबरोबर इथे यायचं मनात होतं. यंदा जमलं.

चाळकेवाडीच्या पठारावर पोहोचलो तेव्हा सात वाजत आले होते. माझ्या लहानपणी इथे वाऱ्याशिवाय काही नव्हतं. आता नजर जाईल तिथे पवनचक्क्या. एखादीच्या बुंध्याशी उभं राहिलं की पातं खाली येताना दर वेळी 'हूऽऽप' असा खोल आवाज येतो, आणि त्याची सावली जमिनीवरून झपकन सरकून जाते. भाची म्हणाली, आत्ता शोधून उपयोग नाही, ऊन अंगात भरल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. मग एका दगडाच्या आडोशाला बसून चहा घेतला.

साडेनऊच्या सुमाराला तिने माझं मनगट धरलं. "मामा, हलू नकोस. समोरचा चपटा दगड. डाव्या टोकाला."

आधी मला दगडच दिसला. मग दगडाचा एक तुकडा पुढच्या पायांवर उंच झाला. शेपूट सोडली तर माझ्या तर्जनीएवढा जीव, पाठीचा रंग मातीचा, त्यावर गडद शंकरपाळ्यांसारखी नक्षी. त्याने मान वर केली आणि हनुवटीपासून छातीच्याही मागेपर्यंत जाणारा पडदा उघडला. जपानी पंखा एका झटक्यात उघडावा तसा. पुढे निळा, पण साधा निळा नाही. मोराच्या मानेवरचा, ऊन फिरेल तसा बदलणारा निळा. त्याला लागून मखमली काळा, आणि मागे पिकल्या पळसाच्या फुलाचा केशरी. दोन-तीन सेकंद. मिटला. परत उघडला. पलीकडच्या दगडावर दुसरा नर होता, त्यानेही उघडला. दोन दगडांच्या मध्ये गवतात एक मादी होती, साधी मातकट, गळ्याला असं काही नाही. ती एकाकडेही बघत नव्हती, असं मला वाटलं. भाचीच्या मते ती दोघांकडेही बघत होती.

पाऊण तास आम्ही पोटावर पडून होतो. कोपरं सोलली गेली. तिने दोनेकशे फोटो काढले असतील. हात लावायचा नाही, पकडायचं नाही, हे तिने घरूनच बजावलं होतं. त्यासाठी वन खात्याची परवानगी लागते आणि आम्ही फक्त बघायला आलो होतो.

मग सावलीत बसून तिने कॅमेऱ्याचा पडदा माझ्यासमोर धरला आणि मागच्या पायावर फोटो मोठा केला. "बोटं मोज."

मी मोजली. चार. परत मोजली. चारच.

"आता घराजवळच्या बागेतल्या सरड्याची आठव." त्याला पाच असतात. या गटाच्या मागच्या पायाला पाचवं बोट नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिए यांनी १८२९ मध्ये याच गटातल्या पुदुच्चेरीच्या सरड्याला 'सिटाना पाँटिसेरियाना' असं नाव दिलं. त्यानंतर देशात कुठेही गळ्याला पंखा असलेला, चार बोटांचा सरडा दिसला की बहुतेकदा त्यावर हीच चिठ्ठी डकवली गेली. ब्रिटिश निसर्गअभ्यासक जेर्डन यांनी १८७० मध्ये दख्खनचा एक वेगळा आहे असं लिहून त्याला 'डेक्कनेन्सिस' म्हटलं होतं, पण पुढे अनेकांनी तोही पुदुच्चेरीवाल्याच्याच खात्यात धरला. आमच्या आत्याच्या शेजारचे हे निळे-केशरी नर दीडशे वर्षं दुसऱ्याच्याच नावावर जगत होते.

मी तिला विचारलं, की नुसता रंग वेगळा म्हणून नवी जात होते का? रंग बदलण्यासाठी तर सरडा बदनामच आहे. ती म्हणाली, म्हणूनच एका सरड्यावर कुणी विसंबत नाही. पुष्कळ नर, पुष्कळ माद्या, निरनिराळ्या ठिकाणचे गोळा करायचे. व्हर्निअर कॅलिपरने नाकाच्या टोकापासून धडाच्या शेवटापर्यंत लांबी घ्यायची. डोक्याची रुंदी, पायांची लांबी, पंखा धडावर कितपत मागे जातो ते मोजायचं. सूक्ष्मदर्शकाखाली खवले मोजायचे, पाठीवरचे, पोटावरचे, धडाच्या मधोमध एका फेऱ्यात किती बसतात ते. कुठल्या खवल्याला मधोमध धार आहे, कुठला गुळगुळीत आहे, हे टिपायचं. मग संग्रहालयांतल्या जुन्या बरण्या उघडून, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यांशी प्रत्येक गोष्ट ताडून बघायची. आणि आता त्याच्या जोडीला जनुकं, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातली आणि केंद्रकातलीही. खवले आणि जनुकं दोन्ही एकच गोष्ट सांगायला लागली, की मग पुढचं पाऊल.

व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी हे काम भारतीय द्वीपकल्पभर फिरून केलं. वंशवृक्ष मांडला तेव्हा दिसलं, की दख्खनचे हे मोठ्या अंगाचे, रंगीत पंख्याचे सरडे सिटानाच्या फांदीवर बसतच नाहीत, त्यांची फांदीच निराळी आहे. तेव्हा २०१६ च्या त्या एका शोधनिबंधात एक नवी प्रजाती आणि पाच नव्या जाती आल्या. (जीवशास्त्रात 'जीनस'ला प्रजाती आणि 'स्पीशीज'ला जाती म्हणायचं, हे भाचीकडून मी तीनदा समजून घेतलं. बाहेर सगळे उलटसुलट वापरतात.) पाचांपैकी दोन नव्या प्रजातीत बसल्या. एकीला चार्ल्स डार्विन यांचं नाव दिलं. दुसरी आमची, चाळकेवाडीची. जेर्डन यांचा डेक्कनेन्सिसही या घरात आला. सिटानातल्या तीन नव्या जातींपैकी एकीचं नाव 'विसिरी', हा तमिळमधला पंख्यासाठीचा शब्द.

आणि आमच्या नव्या प्रजातीचं नाव 'सरडा'. आपला, मराठीतला. रोमन लिपीत लिहिलेलं बघून कुणी ते शारदा-सारदा असं वाचतं, पण आहे तो सरडाच. चाळकेवाडीच्या जातीचं पूर्ण नाव 'सरडा सुपर्बा', लॅटिनमध्ये सुपर्बा म्हणजे देखणी, दिमाखदार. हो, देखणी. लॅटिन व्याकरणात शेवटी 'आ' आला की शब्द सहसा स्त्रीलिंगी धरतात, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी लागलं. आपल्या भाषेतला 'तो सरडा' शास्त्राच्या वहीत 'ती सरडा' झाला. हे मला इतकं आवडलं, की त्या दिवशी मी ते दहा वेळा तरी मोठ्याने म्हणून बघितलं.

एक प्रश्न मात्र मला विचारायचा होता आणि धीर होत नव्हता. शेवटी भाकरी खाताना विचारला. वर्णन करायला त्याला मारावं लागतं का?

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हो मामा, सहसा. एक तरी." ज्या नमुन्यावरून वर्णन लिहितात त्याला होलोटाइप म्हणतात. तो संग्रहालयात जपून ठेवतात आणि जातीचं नाव कायमचं त्या एका देहाशी बांधलेलं राहतं. उद्या कुणाला शंका आली, शंभर वर्षांनी कुणी म्हणालं की ही एक नाही, दोन जाती आहेत, तर परत त्याच बरणीपाशी जाऊन बघता येतं. जेर्डन, कुव्हिए यांच्या काळातली वर्णनं चार-चार ओळींची. तिथे हाच देह उपयोगी पडतो, आणि जिथे तो हरवलाय तिथे संशोधकांचे हाल होतात.

मला ते पटलं. तरी घास घशाखाली उतरायला वेळ लागला. मघाशी पाऊण तास ज्याला डोळे भरून बघितलं, त्याचाच कुणी भाऊबंद कुठेतरी बरणीत आहे आणि या सगळ्यांच्या नावाची जबाबदारी त्याच्यावर आहे. ज्यांनी हे काम केलं त्यांना हे माझ्याहून जास्त टोचलं असेल, कारण त्यांचा या प्राण्यांवर माझ्याहून जास्त जीव आहे.

दुपारी मेंढरं घेऊन एक म्हातारे बाबा आले. आमची बॅग, छत्री, पोटावर पडून मळलेले कपडे बघून थांबले. "काय हुडकताय?"

"सरडा बघतोय, बाबा. निळ्या गळ्याचा."

"मग पडून कशापाय बघताय? लय हाईत की हितं. वळीव पडायच्या आधी अंगात येतं त्यांच्या." काठीने त्यांनी उत्तरेकडची एक टेकाडी दाखवली. "चक्कीच्या खाली बुजत न्हाईत फारसं. तिकडं लांबचं मातूर लगेच पळत्यात."

भाचीने माझ्याकडे बघितलं. बाबा पुढे गेल्यावर तिने पिशवीतून एक कागद काढला. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा २०१८ मधला अभ्यास, याच पठारावरचा आणि याच सरड्यावरचा. झांबरे आणि भोसले हे दोघे २०१६ च्या निबंधातही होते. पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग त्यांनी शेजारी शेजारी तपासला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी निघाले. खाणारे कमी, म्हणून सरड्यांची दाटी जास्त. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी, माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नाहीत. पण अंगाने रोडावलेले, आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके. बाबांनी काठीने दाखवलेली गोष्ट त्या कागदावर आकड्यांत होती.

आम्ही दोन्हीकडे जाऊन बघितलं. चक्कीखालचा एक नर मी चार-पाच पावलांवर येईपर्यंत बसून राहिला. टेकाडीपलीकडचे दिसायच्या आधीच गवतात सुर्र. रंगाचा फरक मात्र माझ्या डोळ्यांना सांगता येईना. त्यासाठी यंत्राने रंग मोजावे लागतात, भाची म्हणाली.

सरकारी कागदांत अशा जमिनीला पडीक म्हणतात. झाड नाही, पीक नाही, म्हणून पडीक. ज्या पठारावरून एका आख्ख्या जातीचं वर्णन झालं, ते पडीक कसं? सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. या सरड्याचं कुंपण म्हणजे हे डोंगरमाथे. चक्की उभी करायला दगड उचलला, रस्त्याला मुरूम काढला, की त्याच्या घरातला एक वासा गेला. वीज मलाही हवी आहे. पण जमीन देताना तिच्यावर कोण राहतं हे आधी मोजावं, एवढं मागणं जास्त नाही.

चारनंतर वारा वाढला. बाबांच्या बोलण्यातला वळीव पश्चिमेला जमायला लागला होता. पाऊस लागला की हा पंख्यांचा मोसम ओसरत जातो. कुणाला जायचं असेल तर एप्रिल-मे गाठा. पाणी भरपूर न्या, दुर्बीण न्या, आणि एकही दगड उलटा करू नका. त्याच्या खाली कुणीतरी आहे.

निघताना भाची वहीत नोंद करत होती. तारीख, वेळ, नर सतरा, माद्या नऊ, आभाळ ढगाळ. जातीच्या रकान्यात तिने नेहमीप्रमाणे तिरप्या रोमन अक्षरांत नाव लिहिलं. मी तिच्या हातून पेन घेतलं आणि त्याच्या खाली देवनागरीत लिहिलं, सरडा.