हिंगणघाटचा कापूस, मँचेस्टरचा वर्ग

दर सोमवारी रात्री बाराच्या आत मला एक टिपण जमा करावं लागतं. आठवड्याचं एक नेमून दिलेलं वाचन आणि त्याच्याशी जुळणारी, आपणच निवडलेली एक ताजी बातमी, दोन्हींवर मिळून सात-आठशे शब्द. २०२५च्या सप्टेंबरात आर्थिक इतिहास शिकायला मँचेस्टरला आले, तेव्हा हा भाग मला सगळ्यात सोपा वाटला होता. वाचायचं आणि लिहायचं, एवढंच तर आहे.

पहिलं टिपण परत आलं. मी सारांश लिहिला होता. चांगला, मुद्देसूद, शाळा-कॉलेजात पहिला नंबर मिळवून देणारा सारांश. बाईंनी शेवटी एकच ओळ लिहिली होती: 'हे सगळं लेखकाचं झालं. यात तू कुठे आहेस?'

त्या ओळीने दोन रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेपासून पदवीपर्यंत धडा वाचला की त्याखालचे प्रश्न सोडवायचे, उत्तर धड्यातच असायचं. धडा वाचून तुला काय वाटलं, असं कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी उत्तर द्यायची हिंमत झाली नसती. छापलेल्या मजकुराशी वाद घालता येतो, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

तिसऱ्या आठवड्याचं वाचन होतं ब्रिटिश सरकारच्या कापूस खात्याच्या जुन्या अहवालांचं. १८६०च्या दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कॉटन कमिशनर नेमला होता, हॅरी रिव्हेट-कारनॅक नावाचा. त्याचे हे अहवाल. वाचनालयात बसून एकेक पान पुढे सरकवत होते आणि एका पानावर नजर थांबली. स्पेलिंग वेगळं होतं, आधी लक्षात आलं नाही. मग मनातल्या मनात उच्चारून पाहिलं आणि अंगावर काटा आला. हिंगणघाट.

हिंगणघाट म्हणजे आमचा तालुका. वणा नदी, कॉटन मार्केट, शाळेत जायची एसटी. आमचं गाव तिथून बारा-तेरा किलोमीटर. दीडशे वर्षांपूर्वी हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाची एक जात म्हणून चालायचं. अमरावतीकडच्या मालाला तिथे 'उमरा' म्हणत आणि हिंगणघाटचा कापूस देशी वाणांत उत्तम मानला जाई. त्या वाणाचं नाव बनी. रात्री बाबांना फोन करून विचारलं, बनी नाव ऐकलं आहे का? ते म्हणाले, "माहे आजोबा म्हनत जाय. मऊ रुई निंघे म्हने. आता कोनापाशी हाय बाई ते बियानं!" पुढे बनीची जागा जाडसर, पण जास्त रुई देणाऱ्या जडी वाणाने घेतली, हेही इथेच वाचलं. मऊ मालाला जाड मालापेक्षा पुरेसा जास्त भाव मिळेना, मग शेतकऱ्याने तो का पेरावा?

त्या काळच्या सगळ्या कागदपत्रांत एक तक्रार सारखी येते. हिंदुस्थानी कापूस घाण असतो, त्यात माती, पाला आणि सरकी असते, चांगल्या मालात हलका मिसळलेला असतो. लँकेशायरच्या गिरण्यांत सगळ्याच हिंदुस्थानी कापसाला 'सुरत' म्हणत आणि तो शब्द तिथे शिवीसारखा झाला होता. हे वाचून माझं डोकं तापलं. आमच्या कापसाला आजही प्रत ठरवणारा ग्रेडर असंच बोलतो. मूठभर उचलतो, दोन बोटांत चोळतो, 'कवडी आहे', म्हणजे डागी, खराब माल आहे, असं म्हणतो आणि भाव खाली आणतो. मी त्या रागातच टिपण लिहिलं. शेतकऱ्यावर खोटा आळ घेतला आहे, असं.

बाईंनी वर्गानंतर थांबवून घेतलं. त्या म्हणाल्या, राग ठेव, पण पुरावा दे. वावरापासून जहाजापर्यंत त्या कापसाला किती जणांचे हात लागले ते मोज. मी मोजायला बसले. कास्तकार, पीक उभं असतानाच उचल देणारा गावचा सावकार, अडत्या, दलाल, सरकी काढणारी जिन आणि गाठी बांधणारी प्रेस, मग मुंबईचा निर्यातदार. मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा केला होता. सगळा दोष वावरातच होता तर असा कायदा कशाला लागला? हा प्रश्न मी दुसऱ्यांदा लिहिलेल्या टिपणात घातला. त्याला चांगले गुण मिळाले. पण गुणांपेक्षा मला हे मोठं वाटलं की त्या छापील पानाशी मी भांडले आणि पान मागे सरलं.

पुढचं वाचन याच शहराबद्दल होतं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला कापूस यायचा थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि लाखो कामगार उपाशी राहिले. इथे त्याला 'कापूस-दुष्काळ' म्हणतात. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२च्या ३१ डिसेंबरला सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेला पाठिंबा दिला. अब्राहम लिंकनने १९ जानेवारी १८६३ला त्यांना पत्र लिहून आभार मानले. लिंकनचा पुतळा शहरात आहे, त्याच्या चौथऱ्यावर त्या पत्रातला मजकूर कोरला आहे. पावसात छत्री धरून मी तो सगळा वाचला. पोटाला चिमटा घेऊन दुसऱ्याच्या सुटकेची बाजू घेणारी ती माणसं मला फार जवळची वाटली. हे मनापासून लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी त्यांच्याविरुद्ध बोलते.

माझं अडलं ते दुसरीकडे. युद्धाच्या चार वर्षांत हिंदुस्थानी कापसाचा भाव आभाळाला टेकला. इंग्रजांनी निजामाकडून १८५३ साली वऱ्हाड घेतलं होतं आणि १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा केलं होतं. कापूस बंदरावर न्यायला रेल्वे धावली, १८६७ साली ती नागपूरला पोचली. पण तोवर १८६५ उजाडून गेलं होतं. युद्ध संपलं, भाव कोसळले, कापसाच्या पैशावर मुंबईत शेअर घेतलेले लोक बुडाले. मुंबईच्या त्या बुडण्यावर वाचायला भरपूर मिळतं. चढत्या भावाच्या भरवशावर ज्याने ज्वारीचं वावर कापसाखाली घातलं, उचल घेतली, त्याचं काय झालं? नेमलेल्या लेखात त्यावर अर्धा परिच्छेद होता. मी टिपणात लिहिलं की लेखकाचा दुष्काळ गिरणीच्या दारात सुरू होतो आणि गिरणीच्या दारातच संपतो.

इथे शहराच्या मधोमध जुन्या कापूस बाजाराची इमारत आहे, रॉयल एक्स्चेंज. आता आत नाटकं होतात. पण वर भिंतीवर भावफलक तसाच ठेवला आहे, १९६८ साली व्यवहार बंद झाले त्या शेवटच्या दिवसाच्या आकड्यांसकट. नाटकाला आलेले लोक कॉफी घेऊन त्याखालून जातात. मी मात्र मान वर करून बराच वेळ उभी राहिले. हिंगणघाट मार्केटच्या आवारात भाव लिहितात त्या पाटीसमोर बाबा असेच उभे असतात. पाटीवरच्या आकड्यांवरून माझी फी ठरायची.

बातमीवरच्या टिपणाने मात्र मला सगळ्यात जास्त शिकवलं. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला, तो २०२५च्या २७ ऑगस्टपासून लागू झाला. त्याआधीच आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून काढलं. आधी मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. मी निवडलेल्या बातमीचा मथळा कापड उद्योगाला दिलासा मिळाल्याचा होता. मी सरळ लिहिलं की हा शेतकऱ्याच्या गळ्यावर पाय आहे.

वर्गात तामिळनाडूतल्या तिरुपूरचा एक मुलगा आहे. तो शांतपणे म्हणाला, माझी आई बनियनच्या कारखान्यात शिवणकाम करते, अमेरिकेच्या ऑर्डरी थांबल्या आणि तिचे कामाचे दिवस निम्म्यावर आले. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. त्याच्या आईला मी शत्रू कशी म्हणू? आमच्या वावरातल्या कापसाचंच ती काही शिवत असेल.

मी ते टिपण पुन्हा लिहिलं. माझं मत बदललं नाही, पण ते अधिक नेमकं झालं. प्रश्न तारखांचा आहे. आमच्याकडे पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो. ज्याच्याकडे कोठा आहे, हातात पैसा आहे, तो कापूस घरात भरतो आणि मार्चमध्ये भाव बघून काढतो. ज्याला कृषी केंद्राची उधारी फेडायची आहे, रब्बीचं बियाणं घ्यायचं आहे, तो डिसेंबरच्या आत विकतो. म्हणजे स्वस्त कापूस देशात येऊ देण्याची मुदत आणि सगळ्यात लहान शेतकऱ्याची विकायची मुदत एकच झाली. शिवणाऱ्या बाईला आधार द्यायलाच हवा, पण तो सरकारी तिजोरीतून देता आला असता. तो पऱ्हाटी, म्हणजे कापूस, पेरणाऱ्याच्या खिशातून का काढला, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी मागे घेणार नाही.

त्याच आठवड्यात घरी काय झालं तेही लिहिते. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. धाकट्या भावाने मोबाईलवर नोंदणी केली, बाबा आठ क्विंटल घेऊन एका खरेदी केंद्रावर गेले. ओलावा मोजायच्या यंत्राचे दात कापसात खुपसले, आकडा आला १४. नियम असा की ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२च्या वर घेतच नाहीत. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत लांबला, बोंडं झाडावरच भिजली, कापूस कोरडा कुठून येणार? गाडीचं भाडं पुन्हा भरायची ताकद नव्हती. बाबांनी वाटेतच एका खासगी व्यापाऱ्याला ६,९०० रुपयांनी माल टाकला. क्विंटलमागे १,२१० रुपये गेले, आठ क्विंटलचे ९,६८०. फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "जाऊ दे बाई, तू अभ्यास कर."

मी तो हिशोब टिपणात मांडला. बाईंनी समासात विचारलं: यात कापूस वेचणारी कुठे आहे?

खरंच नव्हती. कमिशनरच्या अहवालात नव्हती, बातमीत नव्हती, आणि माझी आई रोज वावरात असताना माझ्याही टिपणात नव्हती. अमेरिकेत कापूस यंत्राने काढतात, आपल्याकडे बोंड न् बोंड बायका हाताने वेचतात. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. आईच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना नखांच्या कडेने चिरा पडलेल्या असतात, रात्री ती त्यात खोबरेल भरते. पहिल्या वेच्याला सीतादही करते, पऱ्हाटीखाली दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवते, मग कंबरेला ओटी बांधते. मजुरी किलोवर. यंदा आमच्याकडे किलोला बारा रुपये.

आणि आईकडे एक वही आहे. माझीच दहावीची, मागची पानं कोरी राहिली होती ती. त्यात रोजचा वेचणीचा हिशोब ती लिहिते. बाईचं नाव, किती किलो, चुकारा दिला की नाही. पाच-सहा हंगामांचा हिशोब आहे त्यात. बाईंना सांगितलं तर त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, वर्षाअखेरचा निबंध यावरच लिही.

आता इथे चार वाजताच अंधार पडतो. इथे रात्रीचे साडेअकरा वाजले की घरी पहाटेचे पाच, आई चूल पेटवत असते. तेव्हाच फोन केला. वहीच्या पानांचे फोटो पाठव म्हटलं.

आई गप्प राहिली. मग म्हणाली, "माहं काय, पाठवते. पन त्याच्यात बाकीच्या बायकायची नावं हायेत. कोनं किती येचलं, कोनं उचल घेतली, समदं हाय. त्यायले इचारल्याबिगर कशी देऊ तुले?"

संशोधनासाठी लोकांची माहिती घेताना त्यांची संमती कशी घ्यायची, यावर आम्हाला इथे तासभराचं व्याख्यान झालं होतं, सहीचे नमुने दिले होते. आईने ते न ऐकताच सांगितलं.

गेले चार दिवस ती वेचणीच्या रांगेत एकेकीला विचारते आहे. नऊ जणी हो म्हणाल्या. एकीने फक्त आकडे घे, नाव नको, असं सांगितलं. एकजण नाहीच म्हणाली, तिच्या ओळी आई कागद लावून झाकणार आहे. भावाने काल पहिली दोन पानं पाठवली, पण संध्याकाळी लाइट नव्हती, अक्षर लागत नाही. उद्या अंगणात उन्हात पुन्हा काढ म्हटलं आहे.