घरच्या ओएसची नोंद: स्ट्रकम्पमधला एक बिट

घरी स्वतः लिहीत असलेल्या ओएससाठी (ऑपरेटिंग सिस्टिम) फाइलींची यादी वर्णानुक्रमे दाखवणारी कमांड मागच्या आठवड्यात लिहिली. इंग्रजी नावं बिनबोभाट लागली. मग हौसेनं 'खर्च', 'कविता', 'अंक' अशा फाइली केल्या, तर त्या केल्या त्याच क्रमानं ढिम्म बसून राहिल्या.

दोन संध्याकाळी सॉर्टवर, म्हणजे क्रम लावणाऱ्या कोडवर, संशय घेण्यात घालवल्या. वीस ओळींचा इन्सर्शन सॉर्ट, त्यात चुकून चुकणार काय? शेवटी दोन शब्दांत लहान कोण हे सांगणाऱ्या स्ट्रकम्प फंक्शनलाच एकटं गाठलं. 'क' आणि 'ख' यांत लहान कोण? क. बरं, आता 'ख' आणि 'क'? ख! ज्याचं नाव आधी घ्याल तो लहान. मग सॉर्ट बिचारा कोणाला हलवणार?

यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत 'क' म्हणजे (हेक्समध्ये, सोळाच्या पायावर) ई० ए४ ९५ आणि 'ख' म्हणजे ई० ए४ ९६. फरक तिसऱ्या बाइटला. डीबगरमध्ये तिथवर एकेक इन्स्ट्रक्शन पुढे सरकत गेलो. ईसीएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधली छोटी जागा) ९५, ठीक. ईएएक्समध्ये मात्र एफएफएफएफएफएफ९६. डावीकडचा बाइट मी मूव्हएसएक्स या इन्स्ट्रक्शननं उचलत होतो आणि उजवीकडचा मूव्हझेडएक्सनं. म्हणजे एकाला साइन एक्स्टेन्शन (सगळ्यात वरचा बिट चिन्ह समजून पुढच्या जागा त्यानंच भरणं), दुसऱ्याला शून्यं. लहान-मोठं ठरवणारी वजाबाकी दशमानात उणे १०६ वजा १४९, उत्तर उणे २५५. यायला हवं होतं १. सी भाषेचं स्टँडर्ड स्पष्ट सांगतं की इथे बाइट अनसाइन्ड, म्हणजे बिनचिन्हाचे, धरायचे. ती ओळ मीच दुसऱ्या एका फंक्शनमधून उचलून चिकटवली होती, त्यामुळे ओरडायचं कोणावर?

इतके महिने हे लपलं कसं? लूपमधली तुलना त्याच रजिस्टरांच्या खालच्या आठ बिटांत, एएल आणि सीएलमध्येच होते, म्हणून 'सारखं की वेगळं' याचं उत्तर कायम बरोबर यायचं. माझ्या टेस्ट तेवढंच विचारायच्या. आणि इंग्रजी अक्षरं सगळी १२८ च्या आत, त्यांना साइन बिटाशी देणंघेणंच नाही.

दुरुस्ती एका अक्षराची. मशीन कोडमध्ये तर ०एफ बीई चं ०एफ बी६ झालं, म्हणजे अक्षरशः एक बिट उलटला. आता टेस्टमध्ये एकेका बाइटच्या सगळ्या ६५,५३६ जोड्या दोन्ही बाजूंनी विचारतो. चिन्ह उलटं आलंच पाहिजे. यादी आली: अंक, कविता, खर्च.

लगे हात बाकीच्या असेम्ब्ली फाइलींत मूव्हएसएक्स शोधलं. इजअल्फामध्ये (हे अक्षर आहे का ते सांगणारं फंक्शन) एक निघालंच, आणि तिथे ती किंमत थेट तक्त्याचा इंडेक्स होते. ई० आला की उणे ३२वं घर! उद्या तिकडे.