कपाटावरची टोपीवाली

"मॅडम, ती टोपीवाली कोण?" एक्स-रेसाठी नंबर लावून बसलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. माझ्या टेबलामागच्या कपाटावर तिचा फोटो आहे. हॅट किंचित तिरकी, अंगात पुरुषी सूट, नजर थेट समोर. रांग असली की मी "गायिका आहे" एवढंच सांगते. आज तुम्ही निवांत विचारलंत, म्हणून नीट सांगते.

ती पॉलीन ब्लॅक. ‘द सिलेक्टर’ या ब्रिटिश स्का बँडची मुख्य गायिका. आणि त्याआधी माझ्यासारखीच रेडिओग्राफर! इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही फिल्म डार्क रूममध्ये हाताने धुवायचो, हायपोचा, म्हणजे फिल्म पक्की करायच्या रसायनाचा, वास अंघोळ केली तरी बोटांना राहायचा. 1979 साली तिचं ‘ऑन माय रेडिओ’ गाजायला लागलं, त्या दिवसांत तिच्याही बोटांना तो वास असेल, असं गाणं ऐकताना मला दर वेळी वाटतं.

स्का मूळचा जमैकाचा, 1950 च्या दशकाच्या शेवटी जन्मलेला. दोन ठोक्यांच्या मधल्या जागी गिटारचा तुटक फटका पडतो आणि बसल्या जागी पाय हलायला लागतो. जमैकातून ब्रिटनला कामासाठी आलेल्या माणसांनी तो सोबत आणला. कॉव्हेंट्री मोटारींच्या कारखान्यांचं गाव. तिथे जेरी डॅमर्स या संगीतकाराने ‘2 टोन’ हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं आणि काळी-गोरी पोरं एकाच स्टेजवर वाजवायला लागली. सिलेक्टरमध्ये सात जण, त्यांतले सहा कृष्णवर्णीय, आणि बाई ही एकटीच. प्रेक्षकांत डोकं भादरलेले वर्णद्वेषी तरुण, स्किनहेड, घुसायचे, नाझी सलाम ठोकायचे. त्यांच्यासमोर ती गायची. ‘रेडिओ’ या शब्दावर तिचा आवाज पट्टी सोडून एकदम वर झेपावतो. ती जागा मी शेकडो वेळा ऐकली असेल, तरी दर वेळी अंगावर काटा येतोच. गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं.

पण फोटो लावलाय तो तिच्या आडनावासाठी. तिचा जन्म 1953 चा, रॉमफर्डचा. आई ज्यू, वडील नायजेरियन. एका गोऱ्या जोडप्याने तिला दत्तक घेतलं, तेव्हा आडनाव मिळालं व्हिकर्स. घरात ‘ब्लॅक’ हा शब्द कुणी उच्चारायचं नाही, ‘कलर्ड’ म्हणायचे. बँडमध्ये आल्यावर हॉस्पिटलातल्या साहेबांना कळू नये म्हणून तिला दुसरं नाव हवं होतं. तिने नेमकं ‘ब्लॅक’ घेतलं. आता घरच्यांना तो शब्द तोंडातून काढावाच लागणार होता. दबक्या आवाजात बोलायच्या गोष्टीचं तिने आडनाव केलं आणि ते पोस्टरवर छापून आणलं. लहानपणापासून रंगावरून टोमणे खाल्लेल्या माझ्यासारखीला हे किती मोठं वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या अल्बमनंतर बँड फुटला. मग ती टीव्हीवर निवेदिका झाली, नाटकांत गेली. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या भूमिकेसाठी तिला पुरस्कारही मिळाला. चाळिशीत तिने जन्मदात्या आईचा शोध घेतला, ती ऑस्ट्रेलियात सापडली. 2011 साली आत्मचरित्र आलं, 2022 मध्ये ब्रिटनचा ओबीई हा किताब मिळाला. बँड पुन्हा उभा राहिला तेव्हा सुरुवातीपासूनचा जोडीदार गायक आर्थर ‘गॅप्स’ हेंड्रिक्सन तिच्या शेजारी होता. तो 2024 मध्ये गेला. त्या बातमीच्या दिवशी मी घरी जाऊन पहिला अल्बम, ‘टू मच प्रेशर’, सबंध ऐकला. दोघांचे आवाज एकमेकांना ढुशा देत पुढे जातात, अगदी भावंडांसारखे.

सत्तरी ओलांडल्यावरही ती स्टेजवर उभी राहिली. सूट तसाच, हॅटही तशीच तिरकी.