पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीचा टेस्ट सूट: न चाललेल्या चाचण्यांच्या मागावर

गेल्या नोंदीत सी-पायथनच्या (पायथनच्या मूळ इंटरप्रिटरच्या) ३.१४ शाखेचा सोर्स घेऊन बिल्ड लावण्यापर्यंत आलो होतो. या वेळी स्टँडर्ड लायब्ररीचा टेस्ट सूट, म्हणजे तिची मॉड्यूल्स नीट चालतात का हे पाहणाऱ्या चाचण्यांचा संच, हाती घेतला. चालवायला तो सोपा आहे. बिल्ड झाल्यावर ‘मेक टेस्ट’ म्हटलं की गाडी सुरू. शेवटी ‘रिझल्ट: सक्सेस’ अशी ओळ येते आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण त्या ओळीच्या वर दोन याद्या असतात, ‘स्किप्ड’ आणि ‘रिसोर्स डिनाइड’. ज्या चाचण्या चालल्याच नाहीत त्यांची ती नावं. माझा जवळजवळ सगळा वेळ या दोन याद्या कमी करण्यात गेला, आणि सूट आतून कसा आहे ते कळलं त्यातूनच.

सुरुवात बिल्डपासून करावी लागते. कॉन्फिगरला (बिल्डची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला) ‘--विथ-पायडीबग’ दिलं. त्याने इंटरप्रिटर मंदावतो, पण आतले असर्ट (‘हे खरं असलंच पाहिजे’ अशा तपासण्या) चालू होतात आणि रेफरन्सची (ऑब्जेक्टकडे जाणाऱ्या दुव्यांची) एकूण मोजणी उपलब्ध होते, जी पुढे लागणार आहे. ‘--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’ टाळलं, त्यात कम्पायलरला प्रोफाइल मिळावं म्हणून याच सूटमधल्या निवडक चाचण्या बिल्डच्या मध्येच चालवल्या जातात आणि वेळ बराच जातो.

मेक संपता संपता जे छापलं जातं ते मात्र नीट वाचा: कोणती ऐच्छिक मॉड्यूल्स बनली नाहीत. माझ्याकडे तिथे बीझेड२, एलझेडएमए, जीडीबीएम, टीके-इंटर आणि रीडलाइनची नावं होती. यामुळे बिल्ड अडत नाही आणि चाचण्याही अडत नाहीत. एलझेडएमएची टेस्ट फाइल ‘असं मॉड्यूल नाही’ एवढं सांगून बाजूला होते आणि सक्सेस तसंच राहतं. उबुंटूवर या प्रत्येकासाठी ‘-डेव्ह’ने संपणारं पॅकेज आहे. ती इन्स्टॉल करून कॉन्फिगर पुन्हा चालवावं लागतं, नुसतं मेक पुरत नाही, कारण मशीनवर कोणती लायब्ररी आहे हे कॉन्फिगरच शोधतं. कंटेनरमध्ये करत असाल तर साधा युजर बनवा. रूटला कोणतीही फाइल वाचता येते, त्यामुळे परवानगी नाकारली जाते का हे तपासणाऱ्या चाचण्या रूट दिसला की स्वतःहून बाजूला होतात.

‘मेक टेस्ट’ऐवजी मी आता थेट ‘पायथन -एम टेस्ट’ वापरतो. ‘-जे ०’ दिलं की मशीनवर जितके सीपीयू त्यापेक्षा दोन जास्त वर्कर (एकाच वेळी चाचण्या चालवणाऱ्या प्रोसेस) सुरू होतात. आठ असतील तर दहा. बऱ्याच चाचण्या नुसत्या थांबून राहणाऱ्या आहेत, म्हणून हे दोन जादा. सुरुवातीला जो मजकूर येतो त्यात डीबग बिल्ड आहे का, एन्कोडिंग कोणतं, रँडम सीड (रँडम क्रम ठरवणारा आकडा) किती, सगळं असतं. सीड जपून ठेवा, नाहीतर एखादी गडबड पुन्हा त्याच क्रमाने घडवता येत नाही. तिथेच कामाच्या फोल्डरचं नाव दिसतं आणि त्याच्या शेवटी ए आणि ई जोडून होणारं लॅटिन अक्षर असतं. ते मुद्दाम आहे. आस्कीबाहेरचं, म्हणजे साध्या इंग्रजी संचात नसलेलं, अक्षर पाथमध्ये आलं की जो कोड कोलमडतो, तो प्रत्येक रनमध्ये आपोआप पकडला जावा म्हणून. ही काळजी पाहून मला या सूटच्या कर्त्यांबद्दल फार आदर वाटला.

त्याच मजकुरात एक ओळ म्हणते की सगळे टेस्ट रिसोर्स बंद आहेत, ‘-यू’ वापरा. नेटवर्क, जास्त सीपीयू, मोठ्या फाइल्स, स्क्रीनवरच्या खिडक्या, इंटरनेटवरून फाइल उतरवणं अशी प्रत्येक गोष्ट वेगळी मागून घ्यावी लागते. ‘-यू ऑल’ दिलं की बहुतेक उघडतात. बहुतेकच, ‘ऑल’मध्ये दोन नावं धरलेलीच नाहीत. एक अतिप्रचंड फाइल्सचं, कारण त्या चाचण्या फारच संथ आहेत, आणि दुसरं ‘टीझेडडेटा’, कारण जगातल्या सगळ्या टाइमझोन तपासताना डेटटाइमची चाचणी रेंगाळते. ती दोन्ही नावानिशी द्यावी लागतात. मी टीझेडडेटा दिलं आणि रात्री लावून ठेवलं. खिडक्यांच्या चाचण्यांसाठी ‘एक्सव्हीएफबी-रन’ने खोटा डिस्प्ले दिला, तो पहिल्याच फटक्यात चालला.

नेटवर्कच्या बाबतीत एक मजेशीर प्रकार आहे. एक चाचणी अस्तित्वात नसलेल्या डोमेनला जोडायचा प्रयत्न करते आणि त्रुटी यावी अशी अपेक्षा ठेवते. पण काही इंटरनेट पुरवठादार किंवा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या) सेवा चुकीच्या पत्त्यालाही उत्तर देतात आणि आपलं पान दाखवतात. चाचणी लिहिणाऱ्यांना हे माहीत आहे: आधी ते नाव रिझॉल्व्ह होतं का, म्हणजे त्याचा पत्ता मिळतो का, पाहतात आणि होत असेल तर चाचणी सोडून देतात. माझ्या घरच्या जोडणीवर ती सुटत होती. डीएनएस बदलल्यावर चालली.

आता ज्यासाठी मी ही सगळी खटपट केली त्या भागाकडे येतो. युनिकोडडेटा मॉड्यूलच्या चाचण्यांत नॉर्मलायझेशनचा (एकच अक्षर वेगवेगळ्या कोडने लिहिलं तरी ते एका ठरलेल्या रूपात आणण्याचा) एक भाग आहे. तो युनिकोड कन्सॉर्टियमची ‘नॉर्मलायझेशनटेस्ट’ ही फाइल उतरवतो, ३.१४साठी युनिकोड १६.० ची, आणि तिच्यातली ओळ न् ओळ पडताळतो. फाइल इंटरनेटवरून येते, म्हणून ‘यूआरएलफेच’ रिसोर्स दिला नाही तर हा भाग चालतच नाही. म्हणजे ‘-यू’ न देता चालवलेल्या ‘पायथन -एम टेस्ट’मध्ये आपल्या लिपीतल्या नुक्त्याच्या अक्षरांची ही पडताळणी होत नाही. एकदा उतरवलेली फाइल टेस्टच्या डेटा फोल्डरमध्ये राहते, तेव्हा ती उघडून पाहा. प्रत्येक ओळीत पाच रकाने: मूळ अक्षर, मग नॉर्मलायझेशनची चार रूपं, एनएफसी, एनएफडी, एनएफकेसी आणि एनएफकेडी.

दोन ओळी शेजारी ठेवून बघा. पहिली नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असलेल्या ‘क़’ची, कोडपॉइंट (युनिकोडमधला क्रमांक) ०९५८. तिच्या पाचही रकान्यांपैकी मूळ सोडून बाकी चारांत तेच आहे: ०९१५ आणि ०९३सी, म्हणजे क आणि सुटा नुक्ता. एनएफसी हे जोडणारं रूप असूनही हे अक्षर जोडलं जात नाही, कारण ते जोडणीतून वगळलेल्या अक्षरांच्या यादीत आहे. दुसरी ओळ ‘ऱ’ची, ०९३१. ते त्या यादीत नाही. एनएफसीमध्ये ते अखंड राहतं आणि एनएफडीमध्ये ०९३० व ०९३सी असं फुटतं. मराठीत ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ लिहिताना हेच अक्षर लागतं, म्हणून ही ओळ बरोबर चालणं आपल्यासाठी रोजच्या कामाचं आहे. कोणी र आणि नुक्ता वेगळे टाइप केले तरी एनएफसी ते ‘ऱ’मध्ये आणून सोडतं.

पण ‘दऱ्या’ लिहायची दुसरी रीतही प्रचलित आहे: र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आणि य. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. युनिकोडच्या दृष्टीने ही दोन लेखनं समतुल्य नाहीत, म्हणून कोणतंही नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. शोधयंत्रात किंवा शब्दकोशात काम करणाऱ्यांनी हे गृहीतच धरावं.

एवढं वाचल्यावर स्वतःची टेस्ट फाइल लिहिल्याशिवाय राहवलं नाही. टेस्ट फोल्डरमध्ये ‘टेस्ट_’ने सुरू होणारी फाइल ठेवली की रनर ती आपोआप शोधतो, कुठे नोंदवावी लागत नाही. ‘टेस्ट_देवनागरी’ नावाने एक युनिटटेस्ट क्लास केला. पहिली चाचणी सोपी: ‘१२३४’ ही स्ट्रिंग इंटला दिली की १२३४ आकडा मिळतो, आणि ‘३.१४’ फ्लोटलाही चालतं. सूटमध्ये अशीच चाचणी अरबी-इंडिक अंकांनी केलेली आहे, तिच्याच धर्तीवर लिहिली.

दुसरी चाचणी ओळखनामांची. ‘मराठी’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून चालतं, ‘इजआयडेंटिफायर’ खरं देतं. ‘ऱ’ने लिहिलेलं ‘दऱ्या’ही चालतं. जॉइनरने लिहिलेलं चालत नाही, कारण जॉइनर हा ओळखनामात चालणाऱ्या चिन्हांत नाही. दोन्ही बाजूंचे असर्ट टाकले.

तिसरी चाचणी सर्वांत जास्त जिव्हाळ्याची. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या लेखनात) ‘\डब्ल्यू+’ने, म्हणजे शब्दाच्या सलग अक्षरांच्या नमुन्याने, ‘मराठी’ शोधा. एक शब्द मिळायला हवा. मिळतात दोन तुकडे: ‘मर’ आणि ‘ठ’. ‘नमस्ते’चे होतात ‘नमस’ आणि ‘त’. कारण असं की आरई मॉड्यूल अक्षर किंवा अंक असेल तरच शब्दाचा भाग मानतं, आणि काना, वेलांटी, मात्रा, हलन्त या चिन्हांचा युनिकोडमधला वर्ग वेगळा आहे. ज्या भाषेत ‘मराठी’ व्हेरिएबल म्हणून अखंड चालतं, तिच्याच लायब्ररीत ते शब्द म्हणून तुटतं. हा प्रश्न जुना आहे, पायथनच्या बगट्रॅकरवर त्याची चर्चा वर्षानुवर्षं झालेली आहे. ही चाचणी मी ‘एक्स्पेक्टेडफेल्युअर’ (ही पडणारच अशी खूण) लावून ठेवली. कधी कुणी हे दुरुस्त केलं तर युनिटटेस्ट ‘अनपेक्षित यश’ म्हणून पूर्ण रन नापास ठरवेल आणि मला लगेच कळेल. त्या दिवसाची मी मनापासून वाट बघतोय.

चौथी टीझेडडेटामुळे सुचली. ‘एशिया/कोलकाता’मध्ये १ जानेवारी १९४३ ही तारीख घेतली तर यूटीसीपासूनचं अंतर साडेसहा तास येतं, साडेपाच नाही. दुसऱ्या महायुद्धात इथली घड्याळं तासभर पुढे होती, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५. तोही असर्ट घातला.

लोकेलचं (भाषा आणि देशानुसार तारखा वगैरे दाखवण्याच्या सेटिंगचं) प्रकरण थोडं चिवट निघालं. स्ट्रपटाइमच्या (मजकुरातून तारीख वाचणाऱ्या फंक्शनच्या) चाचण्या फ्रेंच, जर्मन, जपानी अशा लोकेलमध्ये तारखा छापून परत वाचून पाहतात. ती लोकेल मशीनवर नसतील तर तेवढे प्रकार गळतात, पण फाइल पास म्हणूनच मोजली जाते. ‘-व्ही’ने सविस्तर आउटपुट घेतलं तरच समजतं. फ्रेंचचं यूटीएफ-८ लोकेल तयार करूनही काम होईना. चाचणी नुसतं ‘एफआर_एफआर’ असं मागते, आणि जीलिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) त्या नावाचं, मागे एन्कोडिंग न लावलेलं लोकेल शोधतं. ते वेगळं जनरेट केल्यावर गाडी पुढे सरकली.

मेमरीच्या चाचण्यांचं थोडक्यात: ‘-एम’ने (हा मोठ्या लिपीतला एम) मर्यादा दिली नाही तर बिगमेम (प्रचंड मेमरी लागणाऱ्या) चाचण्या चालतात खऱ्या, पण ५१४७ एवढ्याच आकारावर. त्यातून फक्त चाचणीचा कोड धड आहे एवढं सिद्ध होतं. खऱ्या आकारासाठी माझ्या लॅपटॉपची रॅम अपुरी आहे, तो भाग सोडला. लार्जफाइलसाठी अडीच अब्ज बाइटची फाइल बनते, तेवढी डिस्क रिकामी ठेवा.

डीबग बिल्डचं चीज झालं ते ‘-आर ३:३’मध्ये (हाही मोठा आर). यात एकच चाचणी सहा वेळा चालते. पहिल्या तीन फेऱ्या कॅशे भरण्यासाठी सोडून देतात, पुढच्या तीनमध्ये दर फेरीला रेफरन्स किती वाढले ते मोजतात. गळती नसेल तर टिंब छापलं जातं, दहा किंवा जास्त असेल तर फुली. माझ्या फाइलवर सगळी टिंबं आली. सी एक्स्टेंशन (सी भाषेतली पायथन मॉड्यूल्स) लिहिणाऱ्यांनी हा पर्याय हाताशी ठेवावा, मी तरी यापुढे माझ्या प्रत्येक मॉड्यूलवर चालवणार आहे.

दहा वर्करवर रन लावला की वेळेवर अवलंबून असलेली एखादी चाचणी अधूनमधून पडते. ‘--रीरन’ दिलं तर पडलेल्या चाचण्या शेवटी पुन्हा चालतात आणि निकाल ‘फेल्युअर देन सक्सेस’ असा येतो. मी तो निकाल पास धरत नाही. त्या चाचणीचं नाव, सीड आणि त्या वेळचा लोड लिहून ठेवतो. एक चाचणी दुसरीनंतरच पडत असेल तर सूटमधलंच ‘बायसेक्ट_सीएमडी’ चाचण्यांची यादी अर्धी अर्धी करत दोषी जोडी शोधून देतं.

सध्या लिनक्सवर स्किपच्या यादीत जे उरलंय ते बहुतेक विंडोज आणि मॅकपुरतं आहे. पुढचं काम ‘--डिसेबल-गिल’ने वेगळा बिल्ड करायचं. ३.१४पासून फ्री-थ्रेडेड (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं ‘गिल’ हे कुलूप नसलेल्या) बिल्डला अधिकृत पाठिंबा आहे, आणि रनरमध्ये ‘--पॅरलल-थ्रेड्स’ हा पर्याय आलाय, जो एकच चाचणी अनेक थ्रेडमध्ये एकदम चालवतो. आधी युनिकोडडेटा, आरई आणि झोनइन्फो एवढ्यांवरच लावून पाहीन. कुणी आधी केलं असेल तर कॉन्फिगरचे पर्याय आणि स्किपची यादी दोन्ही पाठवा, माझ्या यादीशी ताडून बघतो.