पाठमोऱ्या लोकांचा गुरू

तारांगणात शो सांगणारी म्हणजे अंधारात बाण फिरवून तारे ओळखून दाखवणारी, असा लोकांचा समज असतो. ते काम पहिल्या दहा मिनिटांत उरकतं. खरी कसोटी शेवटी, दिवे अर्धवट लागलेले असताना प्रश्न घेते तेव्हा. बहुतेक प्रश्न ठरलेले असतात. प्लूटो आता ग्रह का नाही, याचं उत्तर तर मी झोपेतही देईन: २००६, प्राग, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ. त्यानंतर कृष्णविवर, मग परग्रहवासी. परग्रहवासीयांबद्दल विचारणाऱ्याला बहुधा माहिती नकोच असते, त्याला फक्त होकार हवा असतो.

‘असं असतं तर?’ हे प्रश्न मात्र मला मनापासून आवडतात. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते तो रिकाम्या डोक्याचा उद्योग आहे. माझ्या मते अशा प्रश्नांना उत्तर देताना गणित करावं लागतं, आणि त्याचा त्यांना कंटाळा आहे.

त्या दिवशी शाळेची सहल होती. मागच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं, “पृथ्वी सूर्याभोवती न फिरता गुरूभोवती फिरत असती तर?”

कन्सोलवरच्या मित्राला मी म्हटलं, “युरोपावर ने रे.” युरोपा म्हणजे गुरूचा एक मोठा चंद्र. तिथे नेणं हे आमचं आवडतं काम. घुमटावरचं आकाश गर्रकन फिरतं, पोरं खुर्चीचे हात घट्ट धरतात आणि डोक्यावर गुरू येऊन थांबतो. युरोपावरून गुरू सुमारे बारा अंशांचा दिसतो, म्हणजे आपल्या चंद्राच्या चोवीस पट रुंद. मित्रानं वेळ भरधाव सोडली. सूर्य उगवला, मावळला, तारे सरकले, गुरूच्या कला बदलल्या, गुरू मात्र होता तिथेच. युरोपाचा दिवस आणि गुरूभोवतीची प्रदक्षिणा एकाच मापाची, साडेतीन दिवसांची. त्यामुळे तिची एकच बाजू कायम गुरूकडे. दर प्रदक्षिणेत भर दुपारी सूर्य गुरूआड जातो आणि जवळजवळ तीन तास अंधार पडतो. ऊन आपल्या सत्ताविसाव्या हिश्शाचं. किरणोत्सर्ग इतका, की उघड्यावर माणसाला एक दिवसही जड जाईल. हे सगळं सांगून झालं, टाळ्याही पडल्या.

मुलगी उभीच. “मॅडम, मग मागच्या बाजूच्या लोकांना गुरू कधीच दिसणार नाही ना? तो आहे हे त्यांना कळणार कसं?”

“अगं, बस आता, हे अभ्यासक्रमात नाही,” त्यांच्या बाई म्हणाल्या. मुलं गप्प बसवण्यात या बाईंचा हात धरणारं कुणी नसावं. तेवढ्यात पुढच्या शोची घंटाही झाली. मी घाईत म्हटलं, “प्रवास करणारे सांगतील.” उत्तर बरोबरच होतं. क्षितिजावर गुरूची कड दिसू लागल्यापासून अख्खी तबकडी वर येईपर्यंत युरोपावर साधारण ३३० किलोमीटर चालावं लागेल. कुणीतरी कधीतरी चालेलच. पण मुलगी दारातून जाता जाता म्हणाली, “आणि ते खोटं बोलतायत असं वाटलं तर?”

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. हवा, पाणी, माणसं असलेली एक युरोपा समजा. पाठीकडच्या लोकांना घरबसल्या गुरू शोधता येईल का?

माझी पहिली धाव ग्रहणाकडे गेली. ती वाट लगेच बंद झाली. युरोपा गुरूच्या सावलीत शिरते तेव्हा पाठीकडे रात्रच असते. अख्खा सूर्य झाकला जातो आणि या लोकांना पत्ताही लागत नाही! गुरूचा दुसरा चंद्र आयो, तोही उपयोगाचा नाही. तो आतल्या कक्षेत, गुरूच्याच बाजूला, म्हणजे पाठीच्या मधोमध राहणाऱ्यांना कायमचा अदृश्य.

उरतात बाहेरच्या कक्षेतले दोन चंद्र, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. गॅनिमीड जवळ आला की आपल्या चंद्राच्या दीडपट दिसेल. आणि इथे मला खुर्चीत सरळ बसावंसं वाटलं. तो प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीतून जातो. युरोपा थोडी बाजूला असली तर पाठीकडच्या लोकांना रात्री, निरभ्र आकाशात, भरलेला गॅनिमीड एका कडेनं काळा पडत विझताना दिसेल आणि कधीकधी तीन तासांहून जास्त वेळ विझलेलाच राहील. सावली कुणाची? आधी म्हणतील, आपलीच. मग एखादा चिकट माणूस मापं घेईल. युरोपा गॅनिमीडपेक्षा लहान आहे, तिची सावली त्याच्यावर फार तर डागाएवढी पडेल. ही सावली तर त्याला अख्खा गिळते. तिची कड इतकी सपाट, की ती गॅनिमीडच्या सत्तावीसपट रुंद गोलाची आहे हे वक्रतेवरून काढता यावं. चंद्रग्रहणातल्या सावलीची वक्र कड पाहून पृथ्वी गोल आहे असं ॲरिस्टॉटलनं मांडलं, तेच हत्यार इथे न दिसणाऱ्या ग्रहावर चालवायचं.

दुसरा पुरावा ताऱ्यांचा. जेम्स ब्रॅडली या इंग्रज खगोलज्ञाला १७२० च्या दशकात तारे वर्षभरात सुमारे वीस विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) हलताना दिसले. पृथ्वीच्या वेगामुळे प्रकाश तिरपा येतो, हे त्यानं ओळखलं. युरोपा सेकंदाला जवळपास चौदा किलोमीटर धावते, त्यामुळे तिथेही नऊ-एक विकलांचा फरक पडेल. गोम अशी, की तिचा दिवस आणि फेरी एकच असल्यानं हा सरकाव कायम पूर्वेकडे राहील. तारा आकाशात एकाच जागी आला की फरकही तेवढाच. कुणीही शहाणा खगोलज्ञ त्याचं खापर हवेवर फोडून मोकळा होईल. मीही फोडलं असतं.

म्हणजे पुरावे आहेत, पण मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाला ते पुरत नाहीत. ‘आकाशाचा मोठा तुकडा अडवून बसलेला, कधीच न हलणारा, पट्ट्यापट्ट्यांचा गोळा’ असं वर्णन करणाऱ्या प्रवाशावर विश्वास ठेवायला आधी गॅनिमीडच्या सावलीचा हिशेब पटलेला असायला हवा. आपल्यालाही चंद्राची पलीकडची बाजू १९५९ मध्ये सोव्हिएत यान लुना ३ नं फोटो पाठवले तेव्हाच दिसली. आणि २०१९ मध्ये चीनचं चांग-अ ४ यान तिथे उतरलं तेव्हा त्याच्याशी बोलायला वेगळा उपग्रह आधी पाठवून ठेवावा लागला, कारण तिथून पृथ्वी दिसतच नाही.

खऱ्या युरोपाला हवा नाहीच म्हणा. तिथे जीव असलेच तर बर्फाखालच्या समुद्रात, आणि त्यांना दोन्ही बाजू सारख्याच अंधाऱ्या. गुरू कळलाच तर भरतीच्या ताणातून. नासाचं युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालंय, तो समुद्र राहण्याजोगा आहे का हे तपासायला.

मी पाठीकडच्या आकाशाचा बारा मिनिटांचा भाग लिहून दिला. गॅनिमीड विझतो, प्रेक्षकांनी कारण ओळखायचं, गुरू शेवटपर्यंत दाखवायचा नाही. वरिष्ठांनी तो वाचला आणि विचारलं, “गुरूच्या चंद्रावर न्यायचं आणि गुरूच दाखवायचा नाही? लोक तिकिटाचे पैसे परत मागतील हो.” पुढच्या महिन्याच्या फलकावर शनीची कडी आहेत.