वाडा एक, करार दोन

आज सांगलीच्या गावभागातील एका जुन्या वाड्यात, गळक्या पन्हळीच्या दुरुस्तीचा खर्च कोणी करावा, या विषयावरील बैठकीला गेलो होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार दुरुस्ती मालकाने करायची असते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंचे मुळातच तुटपुंजे भाडे वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढवता येत असल्याने त्याला खर्चात रस कसा उरावा? २०१९ च्या महापुरानंतर अंगणातला गाळ उपसायला मात्र हेच जुने भाडेकरू पुढे होते, हेही खरे. माडीवर ११ महिन्यांच्या करारावर राहणारी मुले बैठकीस नव्हती. करार संपला की भाडे वाढणार किंवा खोली सुटणार, म्हणून त्यांना कोणी हिशेबात धरतच नाही. पन्हळीखालची खोली त्यांचीच, तरी साधा निरोपही गेला नव्हता.